सीबॅम: एका बोल्टवर कार्बनचा भाव नेमका किती पडतो?

नागदेवी_गल्ली (धागाकर्ता)

१ जानेवारी २०२६ पासून युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालावर सीमेवर घेतला जाणारा कार्बनचा आकार, खऱ्या अर्थाने लागू झाला. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ या काळात नुसती माहिती भरायची होती. आता त्या माहितीमागे पैसे आहेत. आणि नागदेवी, मशीद बंदर, कळंबोली, लोखंडाच्या कुठल्याही बाजारात जा, एकच वाक्य ऐकू येतं: "यंदा अडीच टक्केच आहे, घाबरायचं कारण नाही." हे वाक्य चूक आहे. त्याच्या भरवशावर लोक वर्षभराचे भाव देऊन बसलेत, म्हणून हा धागा.

अडीच टक्के आकडा खरा आहे, पण तो तुमच्या धुराचा, म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा, नाही. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना त्यांच्या ईटीएसमध्ये, म्हणजे धुराच्या परवान्यांच्या बाजारात, काही परवाने फुकट मिळतात; एक परवाना म्हणजे एक टन धूर. सीबॅम लागू होताना ते फुकट परवाने २०२६ मध्ये अडीच टक्क्यांनी कापले गेले. पुढची एकूण कपात २०२७ ला ५, २०२८ ला १०, २०२९ ला २२.५, २०३० ला ४८.५ टक्के आणि २०३४ ला पूर्ण १००. फुकट परवाने मिळतात ते बेंचमार्कइतकेच, म्हणजे टनभर मालामागे ठरवून दिलेल्या धुराच्या मापाइतकेच. म्हणून आपल्या मालाच्या धुरातून वजा होतो तो बेंचमार्कचा ९७.५ टक्के भाग. बेंचमार्कच्या वर जेवढा धूर, तेवढ्यावर पहिल्या दिवसापासून पूर्ण आकार.

आकडे घालून बघा. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, आपापले घालावेत. वायर रॉडचा, म्हणजे बोल्टसाठीच्या पोलादी सळईचा, धूर टनामागे २.२ टन. एक टन बोल्ट काढायला १.०९ टन रॉड लागतो. म्हणजे बोल्टचा धूर २.४ टन. बेंचमार्क १.४ धरला, तर २०२६ मध्ये वजावट १.४ × ०.९७५ = १.३६५. उरले १.०३५ टन. परवान्याचा भाव ७५ युरो धरला तर टनामागे साधारण ७८ युरो. युरो शंभर रुपयांचा धरा: किलोमागे पावणेआठ रुपये.

बाजारात जो हिशेब फिरतोय तो २.४ च्या अडीच टक्क्यांचा, म्हणजे साडेचार युरो, किलोमागे पंचेचाळीस पैसे. सतरापट फरक! एम-१२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, ५० मिलिमीटर लांब षटकोनी बोल्ट साधारण ५५ ग्रॅमचा, किलोत अठरा बसतात. एका बोल्टमागे त्रेचाळीस पैसे. वरवर काहीच नाही. पण या धंद्यात किलोमागे चार रुपये इकडेतिकडे झाले की ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.

हाच माल २०२८ ला टनामागे ८५, २०३० ला १२६ आणि २०३४ ला १८० युरोवर जातो. परवान्याचा भाव जागेवरच राहिला, असं धरून.

---

हेडर_थ्रेड

हिशेब बरोबर. रॉडच्या १.०९ वर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे आहेत आणि लोक बघतात भट्टीकडे.

हार्डनिंग-टेम्परिंगला, म्हणजे बोल्ट भट्टीत तापवून कडक करायला, टनामागे ४० घनमीटर पाइपचा गॅस धरला, तर एका घनमीटरमागे साधारण दोन किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ८० किलो, ०.०८ टन. फिनिशिंगच्या भट्टीची सीमा युरोपच्या हिशेबात कुठे ओढायची हा वेगळा प्रश्न. पण ती पूर्ण धरली तरी ०.०८ च.

आता वाया जाणारा रॉड बघा. कोल्ड हेडिंगमध्ये, म्हणजे हेडर मशीनवर थंड रॉड ठोकून बोल्टचं डोकं काढताना, नीट चाललं तर १.०५ रॉडमध्ये टन निघतो. डाय झिजली, ट्रिमिंगमध्ये मोठी चकती पडली, सेटिंगला दोन-दोन तास माल भंगारात गेला, की तोच आकडा १.१२ होतो. फरक ०.०७. गुणिले २.२ केलं की ०.१५४. अख्ख्या भट्टीच्या दुप्पट! आणि भंगार विकून पैसे परत मिळतात, धूर परत मिळत नाही. भंगाराला शून्य धूर धरतात, त्यामुळे वाया गेलेल्या रॉडचा सगळा धूर चांगल्या बोल्टच्या डोक्यावर बसतो.

बार कापून लेथवर काढलेल्या मालाची अवस्था याहून वाईट. तिथे १.३५ सहज लागतो. २.२ चा बार असेल तर मालाचा धूर २.९७. ज्यांचा साइज हेडरवर बसू शकतो आणि तरी सवयीने टर्निंगला टाकतात, त्यांनी नव्या टूलिंगचा खर्च आता पुन्हा मांडून बघावा. पूर्वी तो परवडत नव्हता, आता परवडेल.

---

छतावरचं_ऊन

कारखान्याच्या छतावर सोलर बसवला की सीबॅम कमी होतो ना? वसईत दोन एजंट हेच सांगून कोटेशन देत आहेत.

---

ऊर्जा_लेखापाल

नाही. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम आणि हायड्रोजन यांत फक्त थेट धूर मोजतात, विजेमागचा धूर धरत नाहीत. सिमेंट आणि खतांत धरतात. सोलरने वीजबिल कमी होईल, गिऱ्हाईक स्वतःचा कार्बन अहवाल मागत असेल तर त्यातही उपयोग होईल. बोल्टच्या सीबॅममध्ये एक पैशाचा फरक पडणार नाही. त्या कारणासाठी कर्ज काढू नका.

याच नियमामुळे बाजारात दोन विचित्र गोष्टी घडतात. आपल्याकडच्या अॅल्युमिनियमचा मोठा धूर कोळशावरच्या स्वतःच्या वीजकेंद्रातून येतो, तो सुटतो. आणि इंडक्शन भट्टीत निव्वळ भंगार वितळवणारा कागदावर फार स्वच्छ दिसतो, कारण त्याची वीज मोजली जात नाही. पण त्यात कोळशावरचं स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून थेट काढलेलं लोखंड, मिसळलं की स्पंजचा धूर कच्च्या मालाबरोबर येऊन बसतो, आणि कोळशावरच्या स्पंजचा धूर टनामागे दोन टनांच्या वर असतो. म्हणून रॉड घेताना "इंडक्शनचा आहे का" हा अर्धाच प्रश्न झाला. भट्टीत काय किती टाकलं, ते विचारायला हवं. शिवाय बेंचमार्कही मार्गानुसार वेगळा आहे. भंगारवाल्याला वजावटही लहान मिळते, हे धरून चाला.

---

मुक्त_विनिमय

हे सगळं वाचून माझं मत पक्कं होतं. दोन धंदेवाल्यांमधल्या सौद्यात तिसऱ्याने येऊन भाव ठरवला की हेच होणार. सरकारने बनवलेल्या कार्बन बाजारांचा इतिहास बघा. २००५ ला युरोपचा ईटीएस सुरू झाला, परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले, २००७ मध्ये भाव जवळपास शून्यावर. २०१३ मध्ये पाच युरोच्या खाली. क्योटो करारातल्या सीडीएमचं, म्हणजे विकसनशील देशांत धूर कमी करून क्रेडिट्स विकण्याच्या योजनेचं, तर विचारूच नका. आपल्याकडच्या कित्येक कंपन्यांनी ती क्रेडिट्स कमावण्यासाठी यंत्रं बसवली. २००८ मध्ये वीस युरोच्या वर असलेला भाव २०१२ संपताना एका युरोच्याही खाली होता. मे २०१३ पासून युरोपने एचएफसी-२३ हा वायू नष्ट करून मिळवलेली क्रेडिट्स घेणंच बंद केलं. ज्या मालाची मागणी कायद्याच्या एका कलमावर उभी आहे, तो माल कलम बदललं की रद्दी. यावर भांडवल लावा असं लहान माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

---

अर्थशास्त्र_दादर

घसरणीची उदाहरणं खरी आहेत, कारण मात्र नेमकं पकडायला हवं. बाजार पडला तो सरकारने भाव लावला म्हणून नाही. सरकारने परवाने जास्त वाटले आणि तुटवडा आणणारी यंत्रणा ठेवली नाही, म्हणून पडला. पहिल्या टप्प्यातले परवाने पुढच्या टप्प्यात वापरता येत नव्हते, त्यामुळे २००७ संपताना त्यांची किंमत उरलीच नाही. २०१९ पासून युरोपने जादा परवाने बाजारातून काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच परवान्याने शंभर युरो ओलांडले.

आपल्या घरचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. २०१२ ला पॅट योजना सुरू झाली. आठ उद्योग, ४७८ कारखाने, प्रत्येकाला ऊर्जा वाचवण्याचं लक्ष्य. लक्ष्यापेक्षा जास्त वाचवलं तर प्रमाणपत्रं मिळणार, कमी पडलं तर विकत घ्यायची. पहिल्या फेरीत प्रमाणपत्रं निघाली सुमारे ३८ लाख, घ्यायची होती सुमारे १४ लाख. विकणारे अडीचपटीहून जास्त! लक्ष्य सैल ठेवलं होतं, दुसरं काही नाही. २०१७ मध्ये व्यवहार सुरू झाल्यावर भाव घसरत गेला आणि ज्यांनी मन लावून ऊर्जा वाचवली त्यांच्याच हातात माल पडून राहिला. मला याचं वाईट वाटतं, कारण ऊर्जा खरोखर वाचली होती.

आता सीसीटीएस, म्हणजे आपल्या देशातली कार्बन क्रेडिट व्यापार योजना. कायद्यातली दुरुस्ती २०२२ ची, योजना जून २०२३ ची, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्यं. पोलाद त्या यादीत नव्हतं. आधारवर्ष २०२३-२४. लक्ष्य टनामागच्या धुराचं आहे, एकूण धुराचं नाही. उत्पादन वाढलं तर एकूण धूर वाढू शकतो. कमी पडणाऱ्याने प्रमाणपत्रं घेतली नाहीत तर त्या फेरीतल्या सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. पॅटपेक्षा ही पकड चांगली आहे. तरी भावच पडला तर दुप्पट कशाची, हा प्रश्न राहतोच. पुन्हा सगळं लक्ष्य किती कसलं आहे यावर.

---

कळंबोली_यार्ड

सीसीटीएसमध्ये आपण इथे पैसे भरले तर ते युरोपात वजा होतात असं म्हणतात. मग पोलाद त्यात आणलं की प्रश्न सुटेल?

---

अर्थशास्त्र_दादर

मूळ देशात प्रत्यक्ष भरलेला कार्बनचा भाव वजा होतो, हे नियमात आहे. "प्रत्यक्ष भरलेला" हा शब्द महत्त्वाचा. सीसीटीएसमध्ये लक्ष्य गाठणारा कारखाना काहीच भरत नाही, उलट कमावतो. कमी पडणाराही फक्त तुटीपुरतं भरतो. समजा लक्ष्य २.३ आणि धूर २.४, तर भरणा ०.१ टनाचा. सगळ्या २.४ वर तो वाटला तर वजावट नावाला उरते. पैसा मुंबईतून निघून ब्रुसेल्सच्या तिजोरीत जायचा तो जाणारच. सरळ कार्बनवर कर लावला असता तर तोच पैसा इथे राहिला असता, हे माझं स्पष्ट मत.

कोळशावरचा उपकर हा तसा कर होण्याच्या सर्वांत जवळ गेला होता. २०१० मध्ये टनामागे ५० रुपये, २०१४ ला १००, २०१५ ला २००, २०१६ ला ४००. टनभर साध्या औष्णिक कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर टन धुरामागे सुमारे २६५ रुपये. युरोपच्या पंचाहत्तर युरोपुढे किरकोळ, पण दिशा बरोबर होती. जुलै २०१७ नंतर तो जीएसटीच्या भरपाई उपकरात गेला, म्हणजे पैसे स्वच्छ ऊर्जेऐवजी राज्यांच्या भरपाईला. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला तो उपकर निघाला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला.

या बदलाने काय झालं ते आकड्यांत बघा. खाणीवर १५०० रुपये टनाचा हलका कोळसा: आधी ७५ अधिक ४००, म्हणजे ४७५ कर. आता २७०. चार हजारांचा चांगला कोळसा: आधी २०० अधिक ४००, म्हणजे ६००. आता ७२०. तीन हजार ऐंशीच्या आसपास दोन्ही सारखे. म्हणजे जास्त राखेचा कोळसा स्वस्त झाला, चांगला महाग. हलक्या कोळशावर सरसकट ४०० चा बोजा अवाजवी होता, ही तक्रार रास्तच होती. पण धुराच्या बाजूने पाहिलं तर कर धुरावरून उठून किमतीवर गेला.

---

मुक्त_विनिमय

किमतीवरचा कर आणि धुरावरचा कर, हा फरक मान्य. कर लावायचाच असेल तर धुरावर, सगळ्यांना सारखा आणि दहा वर्षं आधी जाहीर केलेला असावा, इथे माझा विरोध संपतो. पण सीबॅमने धूर कमी होतो हे मला अजून पटलेलं नाही. मोठी मिल कमी धुराचा रॉड युरोपच्या गिऱ्हाइकाला देईल, जास्त धुराचा भिवंडीच्या गिऱ्हाइकाला. चिमणी तीच, धूर तेवढाच, नुसती चिठ्ठी बदलली.

---

अर्थशास्त्र_दादर

हे होणार, आणि काही प्रमाणात होऊ लागलंय. याला उत्तर सीबॅममध्ये नाही, देशातल्या मागणीत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरवली: टनामागे धूर २.२ टनांच्या आत असेल तरच हरित, २.० ते २.२ ला तीन तारे, १.६ ते २.० ला चार, १.६ च्या खाली पाच. सरकारी पूल, मेट्रो, गोदीच्या निविदांत अमुक टक्के तारांकित पोलाद सक्तीचं केलं, तर कमी धुराच्या रॉडला देशातच गिऱ्हाईक मिळेल. तोवर तुमचा मुद्दा उभा आहे.

---

नागदेवी_गल्ली

चर्चा चांगली चालली आहे. मला पुन्हा खाली, गल्लीत यायचंय. माझ्या मते यातला सगळ्यात मोठा खर्च कराचा नाही, आकड्याचा आहे.

खरा मोजलेला आकडा देता आला नाही तर युरोप आपला ठरीव आकडा लावतो, आणि त्यावर २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २०, २०२८ पासून ३० टक्के वाढ. समजा ठरीव आकडा ३.० आहे. १० टक्के वाढवून ३.३. वजा १.३६५ करून उरले १.९३५, म्हणजे १४५ युरो, किलोमागे साडेचौदा रुपये. वरच्या उदाहरणातला मोजलेला माल पावणेआठ. बोल्ट तोच, मशीन तेच, कागद नाही म्हणून किलोमागे पावणेसात रुपये जास्त.

तो आकडा असतो मिलकडे. मोठ्या मिलला तपासनीस आणून पडताळणी करून घ्यायला अडचण नाही. पण दोन टन रॉड स्टॉकिस्टकडून उचलणाऱ्याला मिल उत्तर देत नाही. धूर ज्याला मोजता येतो तो हळूहळू बाजार हातात घेतो आणि बाकीचे त्याचे जॉबवर्कर होतात. मुक्त बाजारावर हवामान धोरणाचा परिणाम म्हणजे काय, तर मला हा दिसतो, आणि तो भावापेक्षा जास्त काळ टिकेल.

---

हेडर_थ्रेड

मर्चंट एक्स्पोर्टरचं, म्हणजे इतरांचा माल घेऊन पाठवणाऱ्याचं, तर याहून कठीण. एका कंटेनरमध्ये बारा साइज, पाच कारखान्यांचे. गोणीवर हीट नंबर, म्हणजे पोलाद भट्टीच्या कोणत्या ओतातलं त्याचा क्रमांक, असतो तोवर ठीक. माल झिंक प्लेटिंगला बाहेर जातो, तिथे एकाच बॅरलमध्ये दोन पार्ट्यांचे एम-१२ एकत्र फिरतात, बाहेर येतात ते नुसते चकचकीत बोल्ट. डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा आणि कारखान्याची खूण असते, हीट नंबर नसतो. तिथे साखळी तुटली की मागचा सगळा कागद निरुपयोगी. शिवाय युरोपला माहिती हवी ती कारखाना चालवणाऱ्याची. माल विकत घेऊन पाठवणाऱ्याला ती स्वतःच्या नावावर देता येत नाही.

प्लेटरला एवढंच सांगा: एका बॅरलमध्ये एकच हीट, चलनावर हीट नंबर, आणि परत येताना त्याच नंबराच्या क्रेटमध्ये. किलोमागे चार-आठ आणे जास्त मागेल. द्या.

---

ऊर्जा_लेखापाल

मिलकडून नेमकं काय मागायचं हेही लिहून ठेवतो, कारण "कार्बन सर्टिफिकेट पाठवा" असं म्हटलं की एक छान छापलेलं पर्यावरण धोरण येतं.

प्रत्येक एमटीसीसोबत, म्हणजे मिलच्या चाचणी दाखल्यासोबत, हवं ते असं: कारखान्याचं नाव आणि ठिकाण, कोणत्या मार्गाने बनवलं, टनामागे थेट धूर किती, तो कोणत्या वर्षाचा, आणि त्याची पडताळणी झाली आहे की नाही. पडताळणी मान्यताप्राप्त तपासनीसाची लागते. कंपनीच्या शाश्वतता अहवालातला आकडा चालत नाही, कारण त्यात बहुधा विजेचा धूर मिसळलेला असतो आणि तो सगळ्या उत्पादनांची सरासरी असतो. असा आकडा लावला तर तुमचाच बोल्ट कागदावर उगाच घाणेरडा दिसतो. स्टॉकिस्टकडून घेताना ऑर्डरमध्येच लिहा: ही माहिती आली नाही तर माल उतरवून घेणार नाही. चार-पाच जणांनी मिळून एकत्र रॉड उचलला तर मिल ऐकते, एकट्याचं ऐकत नाही.

---

कळंबोली_यार्ड

वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर सूट आहे ना? आमचे बरेच जण २०-२५ टनच पाठवतात.

---

ऊर्जा_लेखापाल

सूट आहे, पण ती मोजतात आयातदाराच्या बाजूने. त्याने त्या कॅलेंडर वर्षात जगभरातून आणलेला सगळा सीबॅमचा माल, म्हणजे पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत, मिळून ५० टन. तुमचे २० टन मोठ्या वितरकाकडे गेले तर पूर्ण हिशेब लागतो. तेच २० टन, ते धरून वर्षाला एकूण ४० टन आणणाऱ्या छोट्या दुकानदाराकडे गेले तर काहीच नाही. म्हणून पहिला ईमेल गिऱ्हाइकाला: तुमची यंदाची एकूण आयात किती होणार? आणि वर्षाच्या मध्ये त्याने ५० ओलांडले तर जानेवारीपासूनचा सगळा माल हिशेबात येतो. ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन येऊन "मार्चच्या कन्साइनमेंटचा आकडा द्या" असं होऊ शकतं. तेव्हा हीट नंबर शोधत बसणं अशक्य.

---

नागदेवी_गल्ली

आणि कराराचं. कायद्याने सीबॅमची प्रमाणपत्रं भरायची आयातदाराने, आपण नाही. २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासून विकली जातील, हिशेब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत. म्हणजे २०२६ मध्ये पाठवलेल्या मालाचा अंतिम हिशेब २०२७ मध्येच पक्का होणार. तेवढ्यासाठी आयातदार आत्ताच बिलातून दहा टक्के कापून ठेवायला मागतात. सरसकट हो म्हणू नका. करारात तीन गोष्टी घाला: पडताळलेला आकडा आपण दिला तर ठरीव आकड्यावरून कपात करता येणार नाही; परवान्याच्या भावातला चढउतार त्याचा, आपला नाही; आणि डीडीपीवर, म्हणजे आयात शुल्क विकणाऱ्याने भरायच्या अटीवर, माल द्यायचा नाही, कारण तिथे आयातीचा सगळा बोजा आपल्याकडे सरकतो. पहिली अट मान्य होते. दुसरीवर घासाघीस होते, बहुतेकदा निम्मे-निम्मे. तिसरीवर ऑर्डर गेली तरी चालेल.

मी रॉड ते बोल्ट हिशेबाची साधी एक्सेल शीट उद्या इथे टाकतो. रॉडचा धूर, रॉड किती लागतो, बेंचमार्क, वर्ष आणि परवान्याचा भाव एवढेच पाच रकाने. कोणाकडे वॉशर आणि थ्रेडेड रॉडचं खरं वाया जाण्याचं प्रमाण असेल तर द्या. वॉशरमध्ये मधली चकती आणि पट्टीचा सांगाडा दोन्ही भंगारात जातात, त्यामुळे तिथला आकडा बोल्टपेक्षा बराच वर जाईल असं वाटतं.